आधी धुराडे, मग आग

लखनौची थंडी मराठी माणसाला पहिल्याच वर्षी चकवते. जानेवारीत तिथला पहाटेचा पारा सरासरी ७-८ अंशांवर असतो, आणि तेवढा तर नाशिकलाही उतरतो. निफाडचे द्राक्षबागायतदार याहून खालचे आकडे पाहतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात. फरक पडतो तो दिवसा. निफाडला दहा वाजले की ऊन चढते, दुपारी स्वेटर काढावा लागतो. गंगेच्या मैदानात डिसेंबरअखेरीला धुके एकदा बसले की दिवसचे दिवस सूर्य नीट दिसत नाही. भिंती तापत नाहीत, फरशी तापत नाही, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. थंडी घरातच मुक्काम ठोकते.

अशा घराचे उदाहरण म्हणून वृंदावन योजना घ्या. ही लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगतची वसाहत. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने सेक्टर पाडून वसवलेली. संजय गांधी संस्थेचे मोठे रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘पीजीआय’, इथून जवळ आहे. लखनौत मराठी माणूस नवखा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नातून १९२६ साली तिथे संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षे चालवले. लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालयही लखनौतच असल्यामुळे बदलीवर येणारी मराठी कुटुंबे तिथे कायम असतात. अशा कुटुंबाला वृंदावन योजनेत जे घर मिळते ते नऊ इंची विटांच्या भिंतींचे, काँक्रीटच्या स्लॅबचे, गुळगुळीत दगडी फरशीचे. हे घर मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस अंशांसाठी बांधलेले असते. जानेवारीत तेच शीतगृह होते.

मग घरात अंगीठी येते. पत्र्याची किंवा मातीची शेगडी, तिच्यात लाकडी कोळसा. बाहेर चौकात पालिकेचे अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटलेले असतात, तिथे बसून शेकण्यात काही धोका नाही. धोका आहे तो ती शेगडी निजायच्या खोलीत नेऊन दार लावून घेण्यात. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग झोप. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अख्खी कुटुंबे अशी रात्रीत संपल्याच्या बातम्या येतात. हे मृत्यू थंडीचे म्हणून सांगितले जातात. खरे तर ते बंद खोलीचे असतात, धुराला वाट नसल्याचे असतात.

या प्रकरणाचा विषय हाच आहे. घरात लाकूड जाळायचे तर पहिला विचार धुराच्या वाटेचा करावा लागतो, आगीचा नंतर. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आधीपासून असेल आणि तिच्यात लाकडाचा लोखंडी ‘इन्सर्ट’ बसवायचा असेल, तर हे आणखी खरे. इन्सर्ट म्हणजे काचेचे दार असलेली बंद भट्टी. ती जुन्या फायरप्लेसच्या तोंडात सरकवून बसवतात. विकत घेतो आपण भट्टी, पण सगळे काम असते धुराड्याचे.

वृंदावन योजनेसारख्या नव्या वसाहतीत कुणी हौसेने फायरप्लेस बांधून घेतलेली असते. छावणीतल्या जुन्या बंगल्यांत ती इंग्रजांच्या काळापासून आयती मिळते. आपल्याकडे महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांतही ती दिसते. जॉन माल्कमने १८२८ च्या सुमारास तिथे हवा खाण्याचे ठाणे वसवले, तेव्हापासून इंग्रजांनी आपल्या देशातली दिवाणखान्याची पद्धत सोबत आणली. पण उघड्या फायरप्लेसने खोली तापते ही समजूत बरीचशी डोळ्यांची आहे. उघड्या आगीतल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने दहा-पंधरा टक्केच खोलीला मिळते, बाकी सगळी वर निघून जाते. त्यातही वर जाताना ती खोलीतली तापलेली हवा ओढून नेते. तेवढीच थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येते. आगीसमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते, त्याचे कारण हे.

जुन्या घरातला तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना इन्सर्टचे तत्त्व वेगळे शिकवायला नको. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर निम्मी धग बाजूने निसटते. बंबात आग मधल्या नळीत कोंडलेली असते, खालून हवा मोजकी मिळते आणि धग पाण्यातूनच वाट काढते. पेटवताना पहिली दोन मिनिटे बंब धुमसतो, मग नळी तापली की धूर आपोआप वर खेचला जातो आणि तळाशी जाळ ‘फर्र’ आवाज करू लागतो. इन्सर्टमध्ये पाण्याच्या जागी खोलीची हवा असते. चांगल्या इन्सर्टची कार्यक्षमता पासष्ट ते ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. हिशेब मांडून पाहा. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते. उघड्या आगीत तासाला ३ किलो लाकूड जाळले तर खोलीला मिळते जेमतेम दीड किलोवॉट. इन्सर्टमध्ये त्याच्या निम्मे, म्हणजे दीड किलो लाकूड सव्वाचार-साडेचार किलोवॉट देऊन जाते. लाकूड निम्मे लागते आणि ऊब तिप्पट मिळते.

ही गोष्ट माणसाला कळायला वेळ लागला. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या ‘पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस’चे वर्णन छापले. लोखंडी पेटीत आग कोंडायची कल्पना उत्तम होती, पण धूर आधी खाली नेऊन मग वर चढवायची त्याची रचना नीट ओढत नसे. काउंट रम्फर्डने १७९६ साली उलट्या बाजूने हात घातला. त्याने आगीची जागा उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि मुख्य म्हणजे धूर जिथून नळीत शिरतो तो घसा आवळून चार इंचांवर आणला. लंडनच्या दिवाणखान्यांतला धूर बराच कमी झाला. आग कोंडण्याऐवजी त्याने मुख्यतः धुराची वाट दुरुस्त केली होती.

ती वाट ओढते कशी, हे एकदा नीट समजले की पुढचे प्रत्येक काम का करायचे ते सांगावे लागत नाही. नळीतली गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. बाहेर ५ अंश आणि नळीत सरासरी २०० अंश असतील, आणि आगीपासून तोंडापर्यंत उंची ६ मीटर असेल, तर दोन्हींच्या वजनातला फरक साधारण ३० पास्कल भरतो. म्हणजे पाण्याच्या जेमतेम तीन मिलिमीटर स्तंभाइतका दाब. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर पास्कल असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे इंजिन किती अशक्त आहे ते कळते. इन्सर्टला चालायला त्यातले बारा-एक पास्कल लागतात. नळी गार पडली, फार रुंद झाली, मध्ये कुठे भोक पडले किंवा घरातल्या दुसऱ्या पंख्याने हवा ओढली, की हे बारा पास्कल केव्हा हातचे गेले ते कळतही नाही.

म्हणून इन्सर्ट मागवण्याआधी धुराड्याची तपासणी. आधी वरून पाहावे. लखनौच्या गच्चीवर कबुतरे आणि साळुंक्या उघडी नळी सोडत नाहीत. काटक्या, पिसे, विष्ठा यांचे बूच निघते. मग खालून टॉर्च लावून काजळी पाहावी. काजळी कोरडी आणि भुकटीसारखी असेल तर ब्रशने निघते. चकचकीत पापुद्रे असतील तर मेहनत वाढते. आणि भिंतीवर डांबर ओतल्यासारखा काळा, काचेसारखा थर बसलेला असेल तर तिथे थांबावे. हा क्रिओसोट. ओले लाकूड धुमसत जळले की त्याची वाफ गार भिंतीवर थिजून तो बनतो. तो स्वतःच इंधन आहे. पेटला तर नळीत १००० अंशांच्या वर तापमान जाते, आवाज आगगाडीसारखा येतो आणि विटांचे सांधे फाटतात. तो थर काढल्याशिवाय त्या धुराड्याला हातही लावू नये. काढताना नाकातोंडाला चांगला मास्क आणि अंगभर कपडे हवेत. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानतात. धुराड्यात उतरवलेली ती मुले पाच-सहा वर्षांचीही असत. काजळीला हलके लेखू नये ते यासाठी.

यानंतर धुराची चाचणी. हे काम कुठल्याही गवंड्याकडून करून घेता येते आणि ते न करता पुढे जाण्यात अर्थ नाही. फायरप्लेसमध्ये आधी कागद जाळून नळी थोडी गरम करायची. मग ओलसर गवत किंवा पेंढा टाकून दाट धूर करायचा. धूर वर निघू लागला की एकाने गच्चीवर जाऊन नळीच्या तोंडावर ओले पोते दाबून धरायचे आणि खाली फायरप्लेसच्या तोंडावर पत्रा लावायचा. आता घरभर फिरायचे. पहिल्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत, कपाटाच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या दिव्याच्या भोकातून, स्विचच्या डबीतून कुठूनही धुराची रेघ निघाली तर नळी फुटलेली आहे. दिसणारा धूर जिथून येतो तिथूनच उद्या न दिसणारा वायू येणार. चाचणी चालू असताना त्या खोल्यांत कुणी झोपलेले किंवा लहान मूल नको, आणि संपल्यावर सगळ्या खिडक्या उघडायच्या.

वृंदावन योजनेतल्या नव्या घरांत नळी बहुधा साध्या विटांची आणि सिमेंटच्या मालाची असते, आतून गिलावाही नसतो. सिमेंट चारशे-पाचशे अंशांच्या पुढे कच खाते. त्यात इथल्या विटांना लोणा लागण्याची खोड आहे. गंगेच्या मैदानातल्या मातीत क्षार फार, एकेकाळी शोऱ्याचा मोठा व्यापार याच भागातून चाले. क्षार ओल धरतात, वीट भुसभुशीत होते. जुन्या लखनौच्या इमारतींतली लखौरी वीट पातळ आणि चुना-सुर्खीत बसवलेली असे. १७८४ साली काम सुरू झालेला बडा इमामबाडा तिच्यावरच उभा आहे. पण चुन्याचे सांधेसुद्धा धुरातल्या आम्लाने कालांतराने झिजतात. आग जिथे प्रत्यक्ष लागते तिथे फायरब्रिक आणि फायरक्लेचा माल हवा, साधी वीट-सिमेंट नको. भारतीय मानक संस्थेने धुराडी, धूरनळ्या आणि चुलाणांच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस १६४५ हे मानक १९६० मध्येच काढले होते. वास्तुविशारदाला त्याबद्दल विचारावे.

नळीच्या मापाचा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. बाजारातल्या बहुतेक इन्सर्टचे धुराचे तोंड ६ इंच व्यासाचे असते. त्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच. गवंड्याने बांधलेली नळी एक फूट बाय एक फूट असेल तर ती १४४ चौरस इंच, म्हणजे पाचपट. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार घराच्या आतल्या बाजूच्या धुराड्याची नळी भट्टीच्या तोंडाच्या तिपटीपेक्षा मोठी नको, आणि धुराड्याची भिंत बाहेर उघड्यावर असेल तर दुपटीपेक्षा मोठी नको. कारण सरळ आहे. इन्सर्ट थोडा आणि कमी तापलेला धूर सोडतो. तो रुंद नळीत शिरला की पसरतो, मंदावतो, गार होतो आणि क्रिओसोट होऊन भिंतीला चिकटतो. उघड्या फायरप्लेसला जी नळी चालत होती तीच इन्सर्टला घातक ठरते.

यावर उपाय म्हणजे नळीत नळी. इन्सर्टच्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत सलग, एकही सांधा न ठेवता, स्टेनलेस स्टीलचा लवचीक लायनर सोडतात. लाकडाच्या धुरासाठी ३१६ दर्जाचे स्टील घ्यावे. स्वस्त पत्रा आम्लाने चाळणी होतो. लायनरभोवती सिरॅमिक वूलची गोधडी गुंडाळून वर जाळी घट्ट बसवतात, म्हणजे धूर टोकापर्यंत गरम राहतो आणि शेजारची वीट थंड. हे काम गच्चीवरून करतात. एक माणूस वर, एक खाली. लायनरच्या खालच्या टोकाला शंकूसारखी टोपी आणि तिला दोर बांधतात. खालचा माणूस ओढतो, वरचा वळण सांभाळत सोडतो. घाई केली तर वूल विटांच्या कडेला फाटते, आणि नेमकी तीच जागा पुढे गार पडून काजळी धरते.

घशापाशी लोखंडी झडप असते. उघड्या फायरप्लेसमध्ये आग नसताना ती बंद ठेवतात. लायनर जायला ती झडप कापून काढावी लागते, कधी मागची एक-दोन विटांची ओळही फोडावी लागते. झडप न कापता अर्धवट उघडी ठेवून लायनर चेपून घालायचा मोह गवंड्याला होतो. तो होऊ देऊ नये, कारण चेपलेल्या जागी वाटच अरुंद होते. यानंतर एक अगदी साधे काम उरते आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते. झडपेच्या जागी, लायनरच्या भोवती, लोखंडी पत्र्याची ताटली बसवून धुराड्याचे तोंड बंद करायचे, वर रॉकवूल घालायचे आणि कडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने मिटवायच्या. ही ताटली नसली तर इन्सर्टने तापवलेली हवा मागच्या पोकळीतून थेट गच्चीवर जाते. लाकूड जळत राहते, खोली कोमट राहते, आणि दोष बिचाऱ्या इन्सर्टला दिला जातो.

नळी स्लॅबमधून आणि छतातून जाते तिथे लाकूड, प्लायवूड, पीव्हीसीचे पॅनेल, विजेच्या तारांचे पाइप यांच्यापासून किमान दोन इंच अंतर हवे. आपल्याकडे स्लॅब काँक्रीटचा असतो, म्हणून जळण्याची भीती नाही असे वाटते. भीती त्याखालच्या फॉल्स सीलिंगची आहे. लाकडी पट्ट्या, पीव्हीसी, थर्माकोल आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा, सगळे त्यात असते.

गच्चीवर आल्यावर उंचीचा नियम. धुराडे छताला जिथे भेदते तिथून किमान तीन फूट वर आले पाहिजे, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून किमान दोन फूट उंच. अमेरिकेतल्या उतरत्या छपरांसाठी केलेला हा नियम आपल्या सपाट गच्चीवर लावताना लोक चुकतात. कठड्याकडे लक्ष जाते, जिन्यावरच्या खोलीकडे जात नाही. लखनौत तिला ममटी म्हणतात. ती सात-आठ फूट उंच असते, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, आणि धुराडे नेमके तिच्या कुशीत काढलेले. पश्चिमेचा वारा ममटीवर आदळला की खाली वळतो आणि धूर उलटा दिवाणखान्यात ढकलतो. अशा वेळी धुराडे टाकीच्या वर नेणे किंवा दहा फूट लांब काढणे, हेच दोन मार्ग. डोक्यावर पावसाची टोपी आणि पाखरांसाठी साधारण अर्ध्या इंचाची जाळी हवी. त्याहून बारीक जाळी काजळीने पंधरवड्यात बुजते.

आता हवा. एक किलो लाकूड जळायला सिद्धांताने पाच घनमीटर हवा पुरते, व्यवहारात दुप्पट लागते. इन्सर्ट तेवढ्यावर भागवतो, पण घरात त्याचा मोठा स्पर्धक बसलेला असतो. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीवर ‘ताशी १२०० घनमीटर’ असे अभिमानाने लिहिलेले असते. थंडी म्हणून सगळी दारे-खिडक्या बंद, फटींना रबर लावलेले, आणि कुणीतरी फोडणी घालताना ती पूर्ण वेगाने लावली, तर तिला हवा मिळणार कुठून? जी वाट सगळ्यात सोपी तिथून, म्हणजे धुराड्यातून, उलटी. आधी काढलेले बारा पास्कल तिच्यापुढे काहीच नाहीत. म्हणून बाहेरच्या भिंतीतून चार इंची पाइपने थेट इन्सर्टला हवा आणावी, आणि आग पेटलेली असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवण्याचा घरात नियम करावा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म निजायच्या खोलीजवळ लावावा. तो मोबाइलच्या चार्जरइतकाच गरजेचा मानावा, कारण ज्याला वास नाही त्याची वर्दी नाक देणार नाही.

लाकडाच्या बाबतीत घाई चालत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा दहा किलो लाकडातले पाच किलो पाणी वाफ करून घालवण्यातच सुमारे १३ मेगाज्यूल खर्ची पडतात, म्हणजे जवळपास एक किलो सुक्या लाकडाची उष्णता. शिवाय वाफेने नळी गार पडते आणि क्रिओसोट साठतो. लाकडात ओल २० टक्क्यांखाली आली पाहिजे. त्यासाठी ढलप्या फोडून, खालून विटा देऊन, वरून झाकून आणि बाजूने मोकळे ठेवून उन्हाळा काढू द्यावा. लखनौचा एप्रिल-मे यासाठी वरदान आहे. त्या दिवसांतल्या लूमध्ये, म्हणजे कोरड्या गरम वाऱ्यात, ढलपी जशी वाळते तशी महाबळेश्वरच्या पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पावसात वर्षभर ठेवूनही वाळत नाही. शीशम आणि बाभूळ छान निखारा धरतात, निलगिरी लवकर पेटते. मलिहाबादकडच्या बागांतले जुन्या आंब्याचे लाकूडही मिळते, मात्र ते परवानगीने तोडलेले आहे ना ते विचारावे. रंगवलेले, प्लायचे, पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड मुळीच नको.

इथे शेजाऱ्यांचाही विचार आहे. धुक्याच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे वसाहतीतला धूर वर न जाता घरांच्या उंचीवरच पसरून राहतो. लखनौ हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे. हा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. दोन-तीन आठवड्यांच्या कडाक्यासाठी नवी फायरप्लेस बांधू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन किलोवॉटचा हीटर आणि जाड पडदे पुरे होतात. पण फायरप्लेस आहे आणि तिच्यात लाकूड जाळलेच जाणार आहे, तर ते उघड्यावर जाळण्यापेक्षा इन्सर्टमध्ये जाळणे शेजारच्या मुलांच्या फुप्फुसांसाठी कितीतरी बरे. नव्या चांगल्या भट्टीत वरच्या बाजूने गरम हवा सोडून धुरातलाच वायू पुन्हा जाळतात. २०२० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या भट्टीला तासाला २ ग्रॅम कणांची मर्यादा आहे. विकत घेताना हाच आकडा विचारावा. आणि भट्टी खोलीच्या मापाची, लहानच घ्यावी. मोठी भट्टी हवा आवळून धुमसत ठेवावी लागते, आणि धुमसणारी भट्टी सगळ्यात घाण धूर सोडते.

धुराड्याची देखभाल हा विषय आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या काळात धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ घडली. १९८३ ते २००२ या काळात केंद्राच्या कार्यक्रमातून तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ मागे पडल्या, आणि एक साधे कारण असे की नळी साफ करण्याची सोय आणि सवय कुणी लावली नाही. काजळीने नळी भरली, धूर पुन्हा घरात आला, बाईने नळीवाली चूल फोडून जुनी मांडली. पुण्याच्या आरती संस्थेने पुढे नळी आणि चुलीचे साचे खेडोपाडी पोहोचवले, तेव्हा बांधणाऱ्या स्थानिक माणसाला प्रशिक्षण देण्यावर भर दिला तो उगाच नाही.

लखनौत आग पेटते ती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. धुराडे साफ करायचे ते दिवाळीच्या साफसफाईत, असा बहुतेकांचा बेत असतो. पण योग्य वेळ होळीनंतरची आहे. नळीत उरलेली काजळी पावसाळ्यातली ओल शोषते, तिचे आम्ल होते आणि चार महिने ते स्टील खात बसते. मार्चमध्ये लायनरच्या मापाचा ब्रश वरून घालून नळी साफ करावी, टोपीची जाळी उतरवून धुवावी, इन्सर्टमधली राख पूर्ण काढावी आणि दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे आत हवा खेळती राहील. काढलेली राख लोखंडी झाकणाच्या डब्यातच ठेवावी. निखारा राखेखाली दोन-तीन दिवस जिवंत राहतो. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा गच्चीवर जाऊन पाखरांनी जाळी उचकटलेली नाही ना, एवढे पाहावे, आणि मग पहिल्या संध्याकाळी थोड्या बारीक ढलप्यांचा छोटा जाळ करून, खिडकी उघडी ठेवून, धूर कुठे जातो ते बाहेर उभे राहून बघावे.